रीजनरेटिव्ह ब्रेकिंगच्या मर्यादा

रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, बोलण्यात नुसते ‘रीजेन’, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीचा वेग कमी करताना तिची मोटर जनित्रासारखी वापरून गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत भरणे. किती भाग, हे गाडीच्या माहितीपत्रकावर ठरत नाही. बॅटरीचा चार्ज, तिचे तापमान, वेग आणि टायरखालचा रस्ता मिळून ते ठरवतात. त्यामुळे एकाच गाडीचे रीजेन सकाळी ढिले आणि दुपारी कडक लागू शकते.

चालकाला सर्वांत आधी जाणवते ती भरलेल्या बॅटरीची अडचण. लिथियम-आयन सेलचा व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर (निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारात साधारण ४.२ व्होल्ट) जाऊ देता येत नाही, म्हणून भरलेली बॅटरी रीजेनची वीज घेऊ शकत नाही. रात्रभर चार्जिंग करून १०० टक्क्यांवर निघालेल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर ती रोजच्यासारखी आवरत नाही, घरंगळत पुढे जाते. सवय ‘वन-पेडल’ची (ब्रेक न दाबता फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी आवरण्याची) असेल तर पहिल्याच वळणावर दचकायला होते. टेस्लाच्या स्क्रीनवर अशा वेळी पॉवरच्या रेषेचा काही भाग ठिपक्यांचा दिसतो.

घाटात हीच अडचण मोठी होते. १,८०० किलोची गाडी १,००० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ४.९ किलोवॅट-तास स्थितिज ऊर्जा मोकळी होते. हवा आणि टायर त्यातली काही खातात, तरी उरलेली सामावून घ्यायला बॅटरीत जागा हवी. म्हणून डोंगरमाथ्यावर राहणाऱ्याने बॅटरी काठोकाठ भरू नये. शेवरोले बोल्टमध्ये चार्जिंग थोडे आधीच थांबवणारी ‘हिलटॉप रिझर्व्ह’ ही सोय याचसाठी होती.

थंडीचे कारण वेगळे. गार पडलेल्या सेलमध्ये जोरात चार्ज ढकलला, तर लिथियम ग्रॅफाइटच्या (सेलच्या ऋण टोकाच्या) आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते. यात बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि शॉर्ट सर्किटचाही धोका असतो. बॅटरी नियंत्रक म्हणून आधीच हात आखडता घेतो. कडक हिवाळ्यात काही अंतर चालून किंवा मुद्दाम हीटरने बॅटरी ऊबदार केल्याशिवाय पूर्ण रीजेन मिळत नाही.

जोरात ब्रेक मारताना प्रश्न ऊर्जेचा नसून ती येण्याच्या वेगाचा असतो. वरचीच गाडी ताशी १०० किलोमीटरवर असताना तिच्यात जेमतेम ०.१९ किलोवॅट-तास गतिज ऊर्जा असते. पण आणीबाणीत ती तीन सेकंदांच्या आत थांबवायची, तर पहिल्या क्षणी सुमारे ४९० किलोवॅट शोषावे लागतात. २०२४च्या पोर्शे टायकानसारखी अपवादात्मक गाडी ४०० किलोवॅटपर्यंत परत घेते. बहुतेक गाड्या त्याच्या आसपासही नाहीत. उरलेले काम पॅड आणि डिस्कचे. याउलट अगदी कमी वेगात मोटरमध्ये निर्माण होणारा व्होल्टेज इतका घसरतो की परत मिळण्यासारखे काही राहत नाही, आणि शेवटच्या क्षणी मोटरनेच गाडी थांबवायची तर उलट थोडी वीज खर्च होते.

रीजेन फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर चालते, ही गोष्ट सहज विसरली जाते. मागच्या चाकांवर एकच मोटर असेल आणि रस्ता ओला किंवा बर्फाळ असेल, तर जादा रीजेनने मागचे टोक घसरू शकते. तसे होऊ लागताच स्थिरता नियंत्रण रीजेन कमी करते. परत आलेली ऊर्जाही पूर्ण मिळत नाही. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी आणि मोटरची एसी वीज एकमेकांत बदलणारे यंत्र) आणि बॅटरी यांतून ती दोनदा प्रवास करते आणि दोन्ही वेळा गळते.

संयुक्त राष्ट्रांच्या प्रवासी गाड्यांच्या ब्रेकविषयीच्या नियम १३-एच नुसार रीजेनमुळे गाडीचा वेग घटण्याचा दर १.३ मीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा जास्त झाला, तर चालकाने ब्रेक पेडल दाबले नसले तरी मागचे ब्रेक दिवे लागलेच पाहिजेत. ०.७ किंवा त्याहून कमी असेल तर ते लागता कामा नयेत.

घर्षण ब्रेक कमी वापरले जातात म्हणून डिस्क गंजतात, हा या सोयीचा उलटा परिणाम. फोक्सवॅगनने आयडी.३ला मागे बंदिस्त ड्रम ब्रेक दिले, त्यामागे हेही एक कारण होते. जुन्या वळणाचे म्हणून हिणवले गेलेले ड्रम इथे पुन्हा कामी आले. डिस्क असलेल्या गाडीत अधूनमधून ब्रेक पेडल नीट दाबून डिस्क घासून घ्याव्या लागतात. काही गाड्यांचे नियंत्रक हे काम आपणहून करतात.