खुर्ची कायद्याने दिली, तयारी युनियनने करायची

अमेरिकेत बेकारांच्या प्रशिक्षणासाठी वॉशिंग्टनहून येणारा पैसा गावोगावी कुठे खर्च करायचा, हे पाचशेहून अधिक स्थानिक मनुष्यबळ विकास मंडळं ठरवतात. तिथे त्यांना सरळ ‘वर्कफोर्स बोर्ड’ म्हणतात. निम्म्याहून जास्त सदस्य उद्योजक हवेत आणि अध्यक्षही त्यांच्यातलाच, असं कायदाच सांगतो. कामगारांच्या वाट्याला किमान 20 टक्के जागा येतात, आणि त्यातही काही जागांवर स्वयंसेवी संस्थांची माणसं बसू शकतात. आपल्याकडे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या वर्क्स कमिटीत, म्हणजे कारखान्यातल्या मालक-कामगारांच्या संयुक्त समितीत, कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या माणसांपेक्षा कमी नसावेत, अशी तरतूद होती. अमेरिकेतला हिशेब मुळातच वेगळा.

हे 20 टक्केही सुखासुखी मिळालेले नाहीत. 1962 मध्ये केनेडींच्या काळात, यंत्रांमुळे काम गेलेल्यांना नवं काम शिकवण्याचा पहिला मोठा कायदा झाला. त्याची सूत्रं वॉशिंग्टनच्या हातात होती. 1973 मध्ये निक्सन यांनी सही केलेल्या ‘सेटा’ कायद्याने ती शहरांकडे आणि काउंट्यांकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांकडे, दिली. तिथल्या नियोजन परिषदांवर युनियनची माणसं असत, पण त्यांचं काम सल्ल्यापुरतं. 1978 मध्ये ‘प्रायव्हेट इंडस्ट्री कौन्सिल’, म्हणजे खासगी उद्योगांच्या स्थानिक परिषदा, निघाल्या आणि खरा बदल झाला 1982 साली. बेकारी वर्षअखेरीस 10.8 टक्क्यांवर गेलेली, आणि रेगन सरकारच्या नव्या कायद्याने या कौन्सिलांना, उद्योजकांच्या बहुमतासह, प्रत्यक्ष अधिकार दिले. संघटित कामगारांचा उल्लेख होता, किमान वाटा मात्र ठरलेला नव्हता. 1992 च्या दुरुस्तीने युनियन आणि सामाजिक संस्था मिळून 15 टक्के ठरले. 1998 च्या कायद्यात टक्केवारी पुन्हा गायब! 2014 मध्ये ओबामांच्या सहीने ती 20 होऊन परतली, शिवाय अप्रेंटिसशिप चालवणाऱ्यांची एक जागा पक्की झाली.

गंमत अशी, की 1983 मध्ये अमेरिकेतल्या नोकरदारांपैकी 20.1 टक्के युनियनचे सभासद होते, 2024 मध्ये 9.9. म्हणजे सभासदांचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि खुर्च्या वाढल्या. त्या खुर्च्यांवर बसवायचं कोणाला, हा प्रश्न त्यामुळे आणखी टोचतो.

नाव स्थानिक कामगार महासंघ सुचवतो. बहुतेकदा तो माणूस वायरमन, नर्स किंवा बसचालकांच्या युनियनचा पदाधिकारी असतो. पगाराच्या वाटाघाटीत मुरलेला, पण इथली भाषाच निराळी. बैठकीआधी जाडजूड फाइल येते, त्यात एका ओळीचा विषय असतो: अमुक कारखान्याशी ‘ऑन-द-जॉब ट्रेनिंग’चा करार. म्हणजे नव्या माणसाला कामावरच शिकवायचं आणि त्याचा निम्मा पगार, कधी पाऊण, सरकारने भरायचा. हात वर, ठराव मंजूर. त्याच कारखान्यात तेच काम करणारे लोक ले-ऑफवर बसलेत का, हे विचारायला कोणीतरी लागतं. असतील, तर त्यांच्या जागी या पैशातून माणूस घेता येत नाही. युनियनशी झालेल्या कराराला बाधा येत असेल, तर तिची लेखी संमती लागते. ही कलमं कायद्यात आहेत, पण फाइलमध्ये कोणी ती अधोरेखित करून देत नाही.

हे शिकवण्याचं काम मुख्यतः कामगार चळवळीनेच अंगावर घेतलं. एएफएल-सीआयओ या देशपातळीवरच्या कामगार महासंघाने 1968 मध्ये ‘ह्यूमन रिसोर्सेस डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट’ काढली. पुढे 1998 मध्ये तिची जागा ‘वर्किंग फॉर अमेरिका इन्स्टिट्यूट’ने घेतली. अर्थसंकल्प वाचणं, स्थानिक आराखड्यात दुरुस्ती सुचवणं, प्रशिक्षण संपल्यावर लागलेल्या नोकरीचा पगार किती हे विचारणं, अशी ही तयारी. माझ्या मते यातली सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच. युनियनच्या स्वतःच्या अप्रेंटिस शाळेला अनुदान देण्याचा ठराव आला, की ती चालवणाऱ्या प्रतिनिधीने मतदानातून बाजूला व्हायचं असतं, आणि वीस टक्क्यांतलं एक मत तेवढ्यापुरतं कमी होतं.