जलसंत्रास आणि पाण्याची भीती

देवळाच्या तळीत पाय घालायला रडणाऱ्या, किंवा गोव्यात बेतीच्या फेरीबोटीत कठड्यापासून लांब उभ्या राहणाऱ्या मुलाला ‘हायड्रोफोबिया’ आहे, असे सर्रास बोलले जाते आणि लिहिलेही जाते. हे वाचताना दर वेळी मन अस्वस्थ होते, कारण वैद्यकात हा शब्द मृत्यूच्या दारात पोहोचलेल्या रुग्णाच्या लक्षणासाठी राखलेला आहे. त्या मुलाला जे होते ते अ‍ॅक्वाफोबिया, म्हणजे साध्या मराठीत पाण्याची भीती.

ही भीती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. लहानपणी बुडता बुडता वाचलेल्या माणसाला ती पुढे कित्येक वर्षे सोडत नाही. धीराने, सवयीने आणि गरज पडल्यास मानसोपचाराने ती कमी होते. मात्र असा माणूस तहान लागली की तांब्याभर पाणी बिनदिक्कत पितो. खरा फरक नेमका इथेच आहे.

जलसंत्रास, म्हणजेच खरा हायड्रोफोबिया, हे रेबीजचे लक्षण आहे. त्या रुग्णाला विलक्षण तहान असते आणि तो स्वतःहून पाणी मागतो. पण पेला ओठांशी नेताच घशाचे आणि श्वसनाचे स्नायू इतक्या जोराने आखडतात की त्याचा जीव घुसमटतो. असे दोन-चार वेळा झाले की पुढे पाणी नुसते दिसले, त्याचा आवाज आला किंवा कोणी त्याचा उल्लेख केला तरी तोच झटका येतो. काही रुग्णांना पंख्याच्या वाऱ्यानेही येतो. म्हणजे मनातल्या भीतीमुळे शरीर आखडते असा हा क्रम नाही. विषाणूने मेंदू ग्रासल्यामुळे शरीर आधी आखडते आणि दहशत त्यामागून येते. पहिल्या शतकात रोममध्ये वैद्यकावर लिहिणाऱ्या सेल्ससने हा रुग्ण तहान आणि पाण्याची धास्ती या दोन्हींनी एकाच वेळी पिडलेला असतो, असे नोंदवले आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही पाणी पाहून किंवा त्याच्या स्पर्शाने त्रस्त होण्याला ‘जलत्रास’ म्हटले असून ते मरणसूचक चिन्ह मानले आहे.

व्युत्पत्तीत फार गुंता नाही. ‘हायडोर’ म्हणजे पाणी आणि ‘फोबोस’ म्हणजे भय, हे दोन्ही शब्द ग्रीक; अ‍ॅक्वाफोबियात मात्र लॅटिन ‘अ‍ॅक्वा’ला ग्रीक शेपूट जोडले आहे. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही म्हणून रसायनशास्त्र त्या पृष्ठभागालाही हायड्रोफोबिक म्हणते, पण त्याचा आजाराशी काहीएक संबंध नाही. माझा आग्रह इतकाच की रोगलक्षणाला जलसंत्रास म्हणावे आणि मनाच्या भयाला पाण्याची भीती. दोहोंसाठी एकच परकीय शब्द वापरू नये.

गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांच्या लसीकरणाचे हे मोठेच यश आहे. असा रुग्ण आता सहसा कोणाच्या पाहण्यात नसल्यामुळेच हा शब्द इतका सैल वापरला जात असावा, असे मला वाटते.

या गोंधळाचे सर्वांत घातक रूप म्हणजे चावलेल्या कुत्र्यापुढे पाण्याचे भांडे ठेवून त्याची परीक्षा घेणे. जलसंत्रास हे माणसात दिसणारे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भीत नाही, तो पाण्यात उतरू शकतो आणि गिळता येत असेपर्यंत पाणी पितोही. पक्षाघाताच्या स्वरूपातल्या रेबीजमध्ये, जो सुमारे एकपंचमांश रुग्णांना होतो, माणसातही हे लक्षण बहुधा दिसत नाही. शिवाय चाव्यानंतर रोग प्रकट व्हायला बहुधा दोन-तीन महिने लागतात आणि लक्षणे दिसू लागल्यावर लसीचा उपयोग होत नाही. म्हणून भांड्यातले पाणी कुत्रा प्याला की नाही हे पाहत न बसता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी.