चंद्रावरून चीनची भिंत दिसते?

नाही दिसत. माणूस अवकाशात जायच्या आधीपासून ही थाप छापली जातेय. चंद्र सुमारे ३,८४,००० किमी दूर, तिथून ढग, समुद्र, वाळवंटं ओळखू आली तरी खूप. अवघ्या ४०० किमीवरच्या अवकाशस्थानकातूनही भिंत नुसत्या डोळ्यांना सहसा सापडत नाही. हजारो किमी लांब असली तरी रुंदी जेमतेम पाच-सहा मीटर, त्यात रंग आजूबाजूच्या मातीचाच. हिमालयाची बर्फाळ रांग किंवा गंगेचा गढूळ पट्टा मात्र खिडकीतून आरामात टिपता येतो. २००३ मध्ये चीनचेच पहिले अंतराळवीर यांग लिवेई ‘भिंत दिसली नाही’ म्हणाले. २००४ मध्ये अमेरिकन अंतराळवीर लेरॉय चाओंनी अवकाशस्थानकातून १८० मिमी लेन्सने काढलेल्या फोटोत ती पुसटशी आली. पण आपण भिंतच टिपलीय, याची खुद्द चाओंनाही खात्री नव्हती!