'थ्री टाइम्स मोअर'चा घोळ : पार्श्वभूमी

पुण्यात इंग्रजीतून बातम्या, अहवाल किंवा शोधनिबंध लिहिणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. 10 चे 30 झाले, तर ते 'थ्री टाइम्स मोअर' की 'टू टाइम्स मोअर'? झालेली एकूण राशी सांगण्याची आणि पडलेली भर सांगण्याची अशा दोन वेगळ्या रीती इंग्रजीत एकमेकींत मिसळल्या, त्यातून हा प्रश्न निर्माण झाला आहे.

'थ्रीफोल्ड' (तिप्पट) यातला 'फोल्ड' हा प्रत्यय जुन्या इंग्रजीपासूनचा, जर्मानिक कुळातला. 'डबल' आणि 'ट्रिपल' हे लॅटिन मुळाचे शब्द 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्गे रुळले. इंग्रज गणिती विल्यम ऑट्रेडने 1631 च्या ग्रंथात गुणाकारासाठी × हे चिन्ह वापरले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे शब्द व्यवहारात होते आणि त्या सर्वांचा रोख एकूण राशीकडेच होता. टक्केवारी मात्र व्यापाऱ्यांच्या व्याज-नफ्याच्या हिशेबात वाढली आणि तिथे मोजायची असते ती भर : 100 टक्के वाढ म्हणजे दुप्पट, 200 टक्के वाढ म्हणजे तिप्पट. हीच सवय 'थ्री टाइम्स मोअर'ला लावली, की मूळ 10 मध्ये 30 मिळवून 40 होतात.

या वाचनाच्या आधारे अनेक जाणकारांनी हा शब्दप्रयोगच सदोष ठरवला. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोश प्रकाशकाच्या 1989 च्या इंग्रजी वापरविषयक कोशाने तो जुना आणि रूढ असल्याचे दाखवून त्याची बाजू घेतली. रूढीचा हा दाखला बोलण्यापुरता मान्य करता येईल. आकड्यांवर निर्णय अवलंबून असतो तिथे तो पुरेसा नाही. जीवशास्त्रात तर 'फोल्ड चेंज' बहुधा नव्या-जुन्या मूल्यांचे गुणोत्तर दाखवतो, पण काही जण त्याच नावाने फरकाचे मूळ मूल्याशी असलेले गुणोत्तर देतात. त्यामुळे संशोधकाने आपली व्याख्या लिहिणे अत्यावश्यक ठरते.

मराठीजवळ पटींची संपत्ती मोठी आहे. पंतोजींच्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत, त्यामुळे सव्वापट किंवा अडीचपट हे शब्द सहज तोंडी येत. पुणे महापालिकेची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 25 लाख होती, ती 2011 मध्ये सुमारे 31 लाख, म्हणजे जवळजवळ सव्वापट झाली. वाढ मात्र पाव हिश्शाच्या आसपास होती. 'सव्वापट झाली' हे निःसंदिग्ध आहे, पण 'सव्वापटीने वाढली' म्हणताच मराठीतही तोच घोळ शिरतो, आणि अनुवादात तो 'इन्क्रीज्ड बाय' होऊन आकडाच बदलून टाकतो. म्हणून 10 चे 30 झाले, तर इंग्रजीत 'ट्रिपल्ड' किंवा 'थ्री टाइम्स ॲज मेनी' लिहावे, आणि 'बाय'नंतर केवळ भर, म्हणजे 20 किंवा 200 टक्के, द्यावी.