सम-प्रॉडक्टमध्ये स्वल्पविराम की चांदणी?

दिवाळीनंतर कापसाचा काटा सुरू झाला की राळेगावकडच्या आमच्या गावात चुकाऱ्याचा हिशेब माझ्याकडे येतो. एक्सेलची शीट साधीच आहे. बी कॉलममध्ये क्विंटल, सी कॉलममध्ये भाव, आणि खाली एकूण रकमेसाठी सम-प्रॉडक्टचं सूत्र, जे प्रत्येक ओळीतलं वजन आणि भाव गुणून सगळ्यांची बेरीज करतं. हे सूत्र लोक दोन तऱ्हांनी लिहितात. कोणी दोन्ही रेंजच्या, म्हणजे निवडलेल्या सेलच्या पट्ट्यांच्या, मधे स्वल्पविराम देतं, कोणी गुणाकाराची चांदणी (*). आकडे नीट असले की दोन्हींचं उत्तर पैशापर्यंत सारखं येतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

गेल्या हंगामात एका ओळीत वजनाच्या जागी ‘८.४० क्विं.’ असं टाइप झालं. भाव ७,००० होता, म्हणजे ५८,८०० रुपये. माझं सूत्र स्वल्पविरामाचं होतं. रेंजमध्ये अक्षरं असलेला सेल आला की ते त्याला शून्य धरतं आणि पुढे जातं. एरर आली नाही, सेल लाल झाला नाही, एकूण मात्र ५८,८०० नं कमी. काटापट्ट्या घेऊन हातानं बेरीज केली तेव्हा चूक सापडली. चांदणी असती तर तिथल्या तिथे #व्हॅल्यू! आलं असतं. एका घरचा अख्खा वेचा हिशेबातून गळण्यापेक्षा ती एरर मला शंभरदा चालेल.

यातला बारकावा ‘८.४०’ हा आकडाच मजकूर म्हणून साठला असेल तेव्हा दिसतो. मोबाइलवरून आलेली यादी चिकटवली की असं होतं, आकडा सेलच्या डाव्या कडेला सरकलेला असतो. चांदणी त्याचा आकडा करून घेते आणि हिशेब बरोबर येतो. स्वल्पविराम त्यालाही शून्यच धरतो.

रेंज लहानमोठ्या झाल्या, म्हणजे बी ४० ओळींची आणि सी ३९ ची, तर स्वल्पविराम #व्हॅल्यू! देतो, चांदणी #एन/ए. म्हणून #एन/ए दिसलं की मी आधी ओळी मोजतो.

अख्खा कॉलम निवडायचा मोह मात्र टाळा. चांदणीच्या सूत्रात वरचं ‘वजन’ आणि ‘भाव’ हे मथळेही एकमेकांशी गुणले जातात आणि #व्हॅल्यू! येतं. शिवाय २००७ पासून एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी आहेत, तेवढ्या सगळ्यांचा गुणाकार जुन्या लॅपटॉपला जड जातो. त्याआधीच्या ६५,५३६ ओळींच्या आवृत्त्यांत अख्खा कॉलम दिला की #नम! यायचं.

स्वल्पविरामच ठेवायचा असेल तर मथळा सोडून वजनाच्या रेंजवर काउंट आणि काउंटए ही दोन्ही सूत्रं लावा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेले सगळे सेल. ४० आणि ३९ असा फरक दिसला, तर तो एक सेल शोधल्याशिवाय चुकाऱ्याची यादी बँकेकडे पाठवू नका.