आपली पोरं एकटी प्रार्थना कधीपासून करायला लागली?

मागच्या मे महिन्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, युवक संघात नववी-दहावीच्या मुलांसोबत बसलो होतो, विषय होता वैयक्तिक प्रार्थना, आणि मी सहज विचारलं की घरी एकटं असताना कोण कोण प्रार्थना करतं. कुणाचा हात वर आला नाही, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नंतर चहा-बिस्किटं झाली, मुलं पांगली, आणि एक मुलगी चपला घालता घालता हळूच म्हणाली, "दादा, मला शब्दच सुचत नाहीत, मी आपली प्रभूची प्रार्थना म्हणते आणि झोपते. ते चालतं का?"

मी हो म्हटलं, पण तिला असा प्रश्न पडावाच का हे काही डोक्यातून जाईना. कारण आम्ही मोठ्यांनीच या मुलांना सांगितलेलं असतं की पाठ केलेलं म्हणू नका, मनातून बोला. हे "मनातून बोला" प्रकरण आपल्याकडे आलं कुठून, त्याआधी मुलं प्रार्थना कशी शिकायची, हे बघायला लागलो तर बरंच काही सापडलं, तेच इथे लिहितोय.

सुरुवात शुभवर्तमानापासूनच करायला हवी. लूकच्या ११व्या अध्यायात शिष्य येशूला म्हणतात की योहानाने आपल्या शिष्यांना शिकवलं तसं आम्हालाही प्रार्थना करायला शिकवा, म्हणजे ही मोठी माणसं, लहानपणापासून सभास्थानात जाणारी, स्तोत्रं तोंडपाठ असणारी, तरी विचारतायत. आणि येशू काय करतो, तर त्यांना शब्द देतो. मत्तयच्या ६व्या अध्यायात खोलीत जा, दार लावून घे असं सांगितलंय आणि त्याच दमात "हे आमच्या स्वर्गातील पित्या", म्हणजेच प्रभूची प्रार्थना, शिकवलंय. दार लावून एकटा बसलेला माणूस, पण तोंडात शब्द "आमच्या". मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकांत आणि पाठ केलेले शब्द यांचं भांडण तिथे नाहीच. वधस्तंभावर प्राण जाताना सुद्धा येशूच्या ओठावर आलं ते २२वं स्तोत्र, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" म्हणजे घरात, सभास्थानात ऐकून ऐकून मुरलेलं. पहिल्या काही पिढ्यांमधल्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेल्या दिदाखे नावाच्या छोट्या पुस्तिकेत तर सरळ नियमच आहे, प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणा.

आता आपल्याकडे येऊ. फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला आणि रस्त्यातून घंटा वाजवत पोरं गोळा करायचा, त्यांना प्रार्थना चालीवर म्हणायला शिकवायचा, आणि ती पोरं घरी जाऊन आईबापांना शिकवायची. पोर्तुगीज सत्तेच्या जबरदस्तीचा काळ होता तो, हे विसरून चालत नाही, जुनी देवळं गेली, जुन्या पोथ्या गेल्या, आणि लोकांच्या तोंडात जी गाणी-पुराणं होती त्यांची जागा रिकामी राहिली. ती पोकळी ओळखली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघाच्या कॅथलिक धर्मगुरूने. तो १५७९ ला गोव्यात आला आणि १६१६ ला त्याचं क्रिस्तपुराण छापून आलं, मराठीत, ओवीत, जवळजवळ ११ हजार ओव्या. आम्हाला आमच्या भाषेत पुराणासारखं काहीतरी द्या, ही मागणी नव्या ख्रिस्ती लोकांचीच होती असं त्याने त्यातच सांगितलंय. त्याच्या मरणानंतर १६२२ मध्ये त्याचीच कोंकणी दौत्रीन निघाली, प्रश्नोत्तरांची, मुलांना शिकवायलाच. गोव्यात संध्याकाळी घरोघरी जो तेर्स म्हणतात आणि वसईला रोजरी, ती हीच परंपरा, आजी मणी ओढतीये, नातवंडं डुलक्या खात मागून म्हणतायत. कुणी म्हणेल त्यात वैयक्तिक काय आहे? पण वसईच्या माझ्या एका मित्राने सांगितलं की त्याचे वडील गेले त्या रात्री त्याला दुसरं काहीही बोलता येत नव्हतं, फक्त रोजरीचे शब्द आपोआप येत होते. तेव्हा तो १६ वर्षांचा होता.

आपल्या प्रोटेस्टंट बाजूची गोष्ट वेगळी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ ला मुंबईत आले, अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं, १८३१ ला नगरला ठाणं पडलं, मग शाळा, बोर्डिंगं. तिथेही सुरुवात घोकंपट्टीचीच, प्रश्नोत्तरावली, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, आणि रोज सकाळ-संध्याकाळ घंटा झाली की उपासना. पण या मिशनऱ्यांच्या मनात आणखी एक गोष्ट पक्की होती की प्रत्येकाने स्वतः देवाशी बोललं पाहिजे, स्वतःच्या शब्दात, मोठ्याने, चारचौघांत सुद्धा. त्यामुळे आपल्याकडे उत्स्फूर्त प्रार्थना हे जणू खऱ्या विश्वासाचं माप झालं. आजही आपल्या मंडळीत कुणी छान लांब प्रार्थना केली की लोक म्हणतात काय भारी प्रार्थना करतो, आणि ज्याला तसं जमत नाही तो पोरगा कायमचा मागच्या बाकावर जाऊन बसतो. हे मी खूप वेळा बघितलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

"क्वाएट टाइम" हा शब्द तर त्याहून नवा. १८८०च्या दशकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांमध्ये सकाळी उठून आधी बायबल आणि प्रार्थना, मग बाकी सगळं, अशी टूम निघाली, तिला ते मॉर्निंग वॉच म्हणायचे, पुढे जॉन मॉटसारख्या विद्यार्थी चळवळीतल्या माणसांनी ती जगभर नेली, मॉट १८९५-९६ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानातही फिरून गेला. त्याच्या थोडं आधी, १८७९ ला, इंग्लंडमध्ये स्क्रिप्चर युनियनची रोजच्या वाचनाची कार्डं निघाली, आणि त्याचं मूळ म्हणजे केझिक गावातली अ‍ॅनी मार्स्टन नावाची संडेस्कूलची टीचर, तिने आपल्या वर्गातल्या मुलींना रोज काय वाचायचं त्याची यादी करून दिली होती, बास, एवढंच. १८८१ ला अमेरिकेत पोर्टलंडला फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने तरुणांसाठी ख्रिश्चन एन्डेव्हर सोसायटी काढली, तिच्या प्रतिज्ञेत रोज प्रार्थना आणि बायबलवाचन होतंच. क्लार्क काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीचा आणि आपलं नगरचं मिशनही मुख्यतः त्याच मंडळ्यांच्या पाठबळावर चाललेलं.

म्हणजे बघा, आपण ज्याला वैयक्तिक प्रार्थना म्हणतो, पहाटे, एकट्याने, वही-बायबल घेऊन, तिचं आजचं रूप जेमतेम दीडशे वर्षांचं आहे आणि ते निघालं होस्टेलवर राहणाऱ्या, स्वतःची खोली असणाऱ्या कॉलेजच्या मुलांमधून. आपल्या पोरांना दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही चालू असताना, लहान भाऊ शेजारी झोपलेला असताना ते कसं जमणार? म्हणून नाही जमलं तर पोरगं अभक्त ठरत नाही.

मराठी माणसाला मात्र यातून एक वेगळी वाट सापडली होती ती कवी ना. वा. टिळकांमुळे. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, पण तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची भावना होती. त्यांची भजनं आणि अभंग वाचताना लक्षात येतं की हा माणूस ख्रिस्ताशी थेट बोलतोय, माउली म्हणतोय, रुसतोय, हट्ट करतोय, आणि हे सगळं वारकऱ्यांच्या घरात शेकडो वर्षं चालत आलेल्या बोलीत. परक्या साच्यातली प्रार्थना ज्यांना अवघड जाते त्या मुलांना मी आधी टिळकांचं एखादं पद देतो, चालीसकट. फ्रान्समधल्या तेझेला ब्रदर रॉजर यांनी १९४० ला सुरू केलेल्या मठात आज जगभरातली तरुण मुलं जाऊन एकच ओळ पुन्हा पुन्हा गात बसतात आणि मग गप्प होतात, आपल्या नामस्मरणवाल्या आज्यांना ते बघून काही नवल वाटलं नसतं.

आता मुक्ती मिशन. हे शेवटी घेतोय कारण यात मुलीच मुख्य आहेत. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या या आश्रमात दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली आणि तरुण विधवा होत्या. वेल्समध्ये १९०४ ला तरुणांच्या प्रार्थनासभांतून आध्यात्मिक जागृती झाल्याची बातमी आली होती. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज माझ्यासोबत प्रार्थनेला कोण येईल? ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमायच्या. २९ जूनला पहाटे तीनच्या सुमारास एका मुलीवर असं काही आलं की शेजारच्या मुलीला वाटलं तिला आग लागलीये, ती पाण्याची बादली आणायला धावली, आणि बादली ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ही काही जळत नाहीये. त्यानंतर कित्येक आठवडे मुली एकाच वेळी, मोठमोठ्याने, रडत, स्वतःच्या शब्दात प्रार्थना करत होत्या.

ही गोष्ट शिबिरात सगळे सांगतात, आग आणि बादलीपर्यंत सांगतात. पण जानेवारी ते जून हे सहा महिने कुणी सांगत नाही, रोजचं जमणं, रोजचं शिकणं. आणि रमाबाईंचं स्वतःचं काय झालं तेही कुणी सांगत नाही. लहानपणीच त्यांना संस्कृत पुराणांचे हजारो श्लोक पाठ होते, १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि तरी त्या स्वतः लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त भेटला नव्हता, त्याला आणखी आठ वर्षं जावी लागली. आठ वर्षं! रमाबाईंसारख्या बाईला! आणि आपण दहावीच्या मुलाकडून तीन दिवसांच्या शिबिरात ते मागतो.

त्या चपला घालणाऱ्या मुलीला मी नंतर हे सगळं सांगितलं, जमेल तसं, तिच्या आईसमोरच. रमाबाईंनी पुढे काय केलं तेही सांगितलं, त्या उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या, कारण चालू भाषांतर आपल्या अडाणी मुलींना जड जातं असं त्यांना वाटायचं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंसंच आधी काम संपलं होतं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, आणि खिळे जुळवायला तिथल्याच मुली होत्या, एकेक अक्षर हाताने उचलून लावणाऱ्या.