माकड की वानर? जाळीची ऑर्डर देण्याआधी हे वाचा

जाळीसाठी फोन आला की आमचा पहिला प्रश्न असतो: तोंड तांबूस की काळे? नाशिक परिसरात दोन्ही येतात आणि दोघांना एकच जाळी चालत नाही.

तांबूस तोंड, डोक्यावर टोपीसारखे केस, ते माकड. त्याच्या गालांत पिशव्या असतात. मिळेल ते भराभर गालांत कोंबायचे आणि लांब बसून सावकाश चावायचे, ही त्याची रीत. म्हणून ते थेट स्वयंपाकघरात शिरते. बोटे चपळ. सरकती खिडकी सरकवते, टाकीचे झाकण काढते, पोहता येत असल्याने टाकीत उतरायलाही कचरत नाही. नायलॉनची जाळी दातांनी कातरते. इथे एक इंची चौकोनाची जीआय वेल्डमेश (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी तारांची, जोडांवर वेल्ड केलेली जाळी) हीच हवी, दर दीड फुटाला अँकर बोल्ट, खिडकीला आतून कडी, झाकणाला साखळी-कुलूप. जुन्या ग्रिलच्या सळ्यांत चार इंचांची फट असेल तर मोठा नर अडतो, पण पिल्लू आत जाते. ते घाबरून ओरडले की अख्खी टोळी ग्रिलवर! माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, त्यामुळे एकदा खाऊ मिळालेली गच्ची टोळी सहजासहजी सोडत नाही.

काळे तोंड, अंगाहून लांब शेपटी, ते वानर. गालांत पिशव्या नाहीत. पोट कप्प्यांचे, त्यात पाला आंबवून पचवतो. त्याचा डोळा डब्यांपेक्षा कुंडीतल्या पालवीवर, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेतल्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर. कुंड्यांवर नायलॉन चालते, पण फ्रेम झाडापासून दीड फूट वर घ्या. जाळी पानांना टेकली की तो बाहेरूनच ओरबाडतो. खरे नुकसान उडीचे. आडवी उडी साडेचार मीटरपर्यंत जाते, नराचे वजन पंधरा किलोच्या पुढे असू शकते. सोलरच्या काचनळ्या अशाच फुटतात. गच्चीपासून पंधरा फुटांतल्या फांद्या महापालिकेची परवानगी घेऊन छाटा.

माकडांना पळवायला वानराचे कटआउट लावतात. चार दिवसांत ती त्याच्याच शेजारी बसतात. पैसे घालवू नका.

समोर आल्यास डोळे रोखू नका, वाट मोकळी ठेवा. माकडाने दात विचकले तर बहुधा ते घाबरलेले असते. तोंड वासून टक लावले तर मात्र धमकी. चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

पकडण्याचे काम आम्ही घेत नाही. त्यासाठी वनविभागाची हेल्पलाइन 1926. मोजमापाला बोलावताना तोंड आणि शेपटी दिसेल असा फोटो पाठवा.